रात्रीचा कागद

"आजबी पांढराच निघाला का जी?" लटारीकाकांनी जिन्याच्या तोंडाशी उभं राहून विचारलं.

मी यंत्राचं झाकण उघडून आतला कागद चिमट्यानं वर काढला होता. अगदी पांढरा नव्हता तो. दुधात चहाचा थेंब पडावा तसा होता. पण जिथे तव्याचं बूड दिसायला हवं होतं, तिथे हा रंग पांढराच म्हणायचा.

"हो. पांढराच."

"मंग बेस झालं," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान दिसलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. खैरघाटच्या शाळेच्या चौकीदाराला माझ्या कागदाच्या रंगाशी काय करायचं होतं?

रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन मी नुकतीच नागपूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत लागले होते. चंद्रपूरकडच्या या गावात हवेतली धूळ मोजायचं काम आमच्याकडे आलं होतं. गावाच्या कडेला लोखंडाचा कारखाना होता. कोळशावर चालणारी एक भट्टी होती, आता त्यांना दुसरी हवी होती. दुसऱ्या भट्टीला परवानगी देण्याआधी गावकऱ्यांची जनसुनावणी व्हायची होती, आणि तिथे आमचे आकडे वाचले जाणार होते. आकडे मर्यादेच्या आत आले तर भट्टीचा रस्ता मोकळा, बाहेर गेले तर अडला, असं साधं गणित होतं.

आम्ही दोन यंत्रं बसवली होती. एक गावाच्या पलीकडच्या टोकाला, ग्रामपंचायतीच्या गच्चीवर. दुसरं शाळेच्या गच्चीवर, कारखान्याच्या चिमणीच्या अगदी समोर. लहान कपाटाएवढी पत्र्याची पेटी, वर उतरतं छप्पर. ती दिवसरात्र घोंघावत हवा ओढते, हवा कागदातून जाते, धूळ कागदावर राहते. कागदाचं आधी वजन करायचं, नंतर करायचं. सकाळी रात्रीचा कागद काढायचा, संध्याकाळी दिवसाचा; त्यासाठी मी तालुक्याच्या गावी खोली घेऊन बसनं ये-जा करत होते.

गावात कुणालाही विचारलं तरी एकच उत्तर मिळे: धूर रात्री सोडतात. धूर गाळणारं यंत्र विजेला महाग पडतं म्हणून अंधार पडला की बंद करतात, असं लोकांचं म्हणणं. सकाळी अंगणातल्या रांजणाच्या झाकणावर बोट फिरवलं की बोट काळं होई. पंचायतीवरचा रात्रीचा कागद तेच सांगत होता. तो रोज काळाकुट्ट निघे. शाळा तर चिमणीपासून पंचायतीच्या निम्म्या अंतरावर होती. आणि शाळेचा रात्रीचा कागद पांढरा. दिवसाचा कागद मात्र जसा असायला हवा तसा, राखाडी.

म्हणजे रात्री कुणीतरी काहीतरी करत होतं.

पहिला संशय साधा होता: यंत्र रात्री बंद करत असतील. पण यंत्राला चाललेले तास मोजणारा काटा असतो, आणि तो बरोबर होता. दुसरा संशय, कागद बदलत असतील. मी कागदाच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असा पेन्सिलीचा ठिपका दिला. सकाळी तोच ठिपका जागेवर. तिसऱ्या दिवशी झाकणाच्या फटीवर माझ्या ओढणीचा एक धागा डिंकानं चिकटवला. तोही अखंड होता. झाकण उघडलंच नव्हतं कुणी.

मग राहिलं काय? यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याच्यापर्यंत पोचणारी हवाच स्वच्छ होती, आणि ते शक्य नव्हतं.

मी बारकाईनं बघू लागले. पांढऱ्या कागदाच्या कडा किंचित सुरकुतलेल्या असत, ओल लागून सुकल्यासारख्या. कागद नाकाजवळ नेला तर एक ओळखीचा, गार वास येई, पण तो कशाचा ते आठवेना. यंत्राभोवतीच्या फरशीवर पाणी वाळल्याचा चौकोनी डाग होता. कठड्यात चार खिळे ठोकलेले होते. नवे नव्हते, पण गंजलेलेही नव्हते. त्यांच्यावर दोरी घासून चकाकी आली होती.

"काका, हे खिळे कशाला?"

"झेंड्याच्या पताका बांधतो जी, सव्वीस जानेवारीले."

"आणि हे पाणी?"

"गच्ची तापते ना. शिंपडतो थोडं." मग जरा थांबून, "तुमची मशीन गरम नाही झाली पायजे."

आणखी एक गोष्ट. मी जिना चढायला लागले की लटारीकाका आपली काठी पाण्याच्या लोखंडी पाइपवर दोन-तीनदा आपटायचे. सगळ्या इमारतीत ठण् ठण् घुमायचं.

"हे कशाला, काका?"

"वर माकडं रायतात जी. एकाएकी गेलं तं आंगावर येते."

मी खैरघाटमध्ये एकही माकड पाहिलं नव्हतं.

---

सोनटक्के मला बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीवर भेटला. कारखान्याचा जनसंपर्काचा माणूस. चाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि त्या गावात दुपारपर्यंत शर्ट पांढरा ठेवणं सोपं काम नव्हतं. बोलायला फार गोड. टपरीवाल्याला न सांगता त्याच्यापुढे साखर कमी असलेला चहा येई.

"पिंपळशेंडे म्याडम, बसा ना. तुमची बस काही येत नाही एवढ्यात." त्यानं बाकडं रुमालानं पुसलं. "शाळेवरचे आकडे यंदा चांगले येत असतील."

मी चहाचा कप ओठांशी नेला होता, तो तसाच राहिला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगेल? अंदाज. आम्ही एवढी झाडं लावली, रस्त्यावर पाणी मारतो. फरक तर पडणार ना."

"पंचायतीवरचे चांगले नाहीत."

"तिथे चुली जळतात, म्याडम. शेजारी शेणाच्या गोवऱ्या जाळतात बायका. आता त्याचं पाप पण आमच्याच माथी?" तो हसला. "तुम्ही सायन्सवाल्या. तुम्हाला काय सांगू."

तेवढ्यात टपरीमागून लटारीकाका आले. मला पाहून चपापले. सोनटक्केनं मोटारसायकलच्या डिकीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. काकांनी ते सदऱ्याखाली सरकवलं, दोन्ही हात जोडले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

"गरीब माणूस आहे," सोनटक्के त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाला. "सांभाळावं लागतं."

बसमध्ये मी सगळं मनात मांडलं. पुडकं, पाइपवरची काठी, न दिसणारी माकडं, कागद पांढरा निघाल्याचा आनंद. प्रश्न एवढाच उरला होता की चौकीदार करतो तरी नेमकं काय.

मी माझ्या वरिष्ठांना, खानोरकर सरांना फोन केला.

"चौकीदार विकला गेलाय, असं म्हणायचंय तुला?"

"सर, मला अजून पद्धत कळली नाही."

"पद्धत कळली नाही म्हणजे काहीच कळलं नाही. वृषाली, आपण वजन करतो. पोलिसगिरी करत नाही. पुरावा असेल तर लिही, नसेल तर आकडा लिही."

सुनावणीला आठवडाही उरला नव्हता. ठरलं की दुसऱ्या दिवशी कुणालाही न कळवता जायचं, पहिल्या बसनं, आणि पुढच्या फाटकानं नाही.

---

उजाडत होतं. शाळेच्या मागे कुंपणाला एक फट होती, तिथून मी आत शिरले. लटारीकाका पुढच्या व्हरांड्यात चूळ भरत होते, त्यांचा आवाज येत होता. मी चपला हातात घेतल्या आणि जिना चढले. काठी वाजली नाही.

वर पोचण्याआधी वास आला, आणि या वेळी तो ओळखू आला. वाळा. उन्हाळ्यात आमच्या घरच्या कूलरला लावायच्या वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी पडलं की येतो तोच वास.

गच्चीवर माझं यंत्र दिसत नव्हतं. त्याच्या जागी एक खोली उभी होती. चारी बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, कठड्याच्या खिळ्यांना आणि दोन बांबूंना दोरीनं ताणून बांधलेल्या, वर ओली चादर. आतून यंत्राचं घोंघावणं येत होतं, एखाद्या बंद घरात पंखा चालू राहावा तसं. एक पंचविशीची बाई पाठमोरी उभी राहून तांब्यातलं पाणी हातानं ताट्यांवर मारत होती.

मी खोकले.

ती वळली आणि तांब्या तिच्या हातातून सुटला. "मामाजी," तिनं जिन्याकडे बघून हाक मारली. मग ती पटकन ताटीच्या आत शिरली आणि एका झोपलेल्या मुलीला उचलून बाहेर आली. मुलगी चार वर्षांची असेल. खांद्यावर मान टाकूनही तिची झोप मोडली नव्हती. श्वास घेताना तिच्या गळ्याशी खळगा पडत होता, आणि बारीक शिटीसारखा आवाज येत होता.

"तुम्ही कोण?"

"प्रणिता. यायची सून." तिनं मानेनंच खाली खूण केली. "आमी काही हात नाही लावला जी मशीनले. कसम. चिनूबी नाही लावत. तिले सांगून ठेवलं हाय, देवासारखं समज म्हणून."

खालून धावत येणाऱ्या पायांचा आवाज आला. लटारीकाका धापा टाकत वर पोचले. काठी हातातच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताट्यांकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले.

"काका, ही माकडं का?"

त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"कारखान्यानं किती दिवसांपासून सांगितलंय हे?"

"कारखान्यानं?" त्यांनी मान वर केली. "कारखान्यानं काय सांगतलं?"

"यंत्र झाकायला."

"झाकाले काहून?" ते खरोखर गोंधळले होते. "झाकून कसं चालीन? मंग ते हवा कशी साफ करीन?"

यंत्र घोंघावत होतं.

"काय करेल म्हणालात?"

"हवा साफ," प्रणिता म्हणाली. "तुमीच तं सांगतलं होतं जी. मशीन बसवली त्या दिवशी मामाजीनं पुसलं, हे काय करते, तं तुमी म्हटलं, हवेतली धूळ ओढून घेते. पांढरा कागद टाकता, काळा काढता. मले दिसलं ना. मी म्हटलं, मामाजी, ह्याच्या बाजूले चिनूले निजवू. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगतलं होतं, पोरीले धुळीतून काढा. काढून नेऊ कुठं? हिचा बाप हैदराबादले ट्रकवर. आमची खोली खाली, टिनाची."

"आणि ताट्या?"

"मशीनवर किती ताण टाकाचा, एकटीच्यानं एवढ्या गावची धूळ कशी ओढीन ते. म्हणून ताट्या लावल्या. ओल्या ताटीले धूळ अडकते. मंग जे आत येते ते मशीन ओढते." तिनं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. "महिनाभरात एकदाच दवाखान्यात गेलो जी. पहिले आठवड्याले दोनदा जावं लागे. तुमचा कागद पांढरा निघते तं आमाले बरं वाटते. म्हणून पुसते मामाजी."

मी ताटीला बोट लावलं. बाहेरच्या अंगाचं गवत काळं, चिकट होतं, आतलं तपकिरी. ती म्हणत होती त्यातलं निम्मं अगदी बरोबर होतं. पंचायतीच्या कागदावर जे चढत होतं ते इथे ताटीवर चढत होतं, आणि यंत्र त्या स्वच्छ खोलीतली हवा मोजत होतं.

उरलेलं निम्मं मला सांगणं भाग होतं.

"प्रणिता, हे यंत्र हवा साफ करत नाही."

"मंग कागद काळा काहून होते?"

"ते फक्त मोजतं. नदीचं पाणी किती गढूळ आहे ते बघायला ओंजळभर घ्यावं, तसं. ओंजळभर घेतल्यानं नदी साफ होत नाही. चिनूला बरं वाटलं ते ताट्यांमुळे."

तिनं यंत्राकडे पाहिलं. एवढा वेळ ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहत नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आता ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"ह्या ताट्या कुठून आणल्या?" मी काकांना विचारलं. एवढ्या वाळ्याच्या ताट्या चौकीदाराला परवडणाऱ्या नव्हत्या.

"सोनटक्के साहेबानं देल्या जी. मनानं लय चांगला माणूस. एक दिवस आले होते गच्चीवर, चिमणी कशी दिसते पाहाले. चिनूले मशीनजवळ निजलेलं पाहिलं. दुसऱ्या दिवशी ताट्या धाडल्या गाडीनं. म्हणे, पोरीसाठी लाव, पण शाळेच्या सेक्रेटरीले नको सांगू, ते काढाले लावीन. कोणी वर येत असन तं आधी काढून ठेवाच्या."

"आणि टपरीवरचं पुडकं?"

"तिचा पंप जी. श्वासाचा. तेबी तेच देतात."

पाइपवर काठी वाजली की ताट्या सोडवून, गुंडाळून टाकीच्या मागे ठेवायच्या आणि पोरीला घेऊन पलीकडच्या लोखंडी शिडीनं उतरायचं. प्रणितानं ते सगळं मला करून दाखवलं. जिना चढायला मला जेवढा वेळ लागायचा त्याच्या आत ते होत असे.

---

सोनटक्केला मी त्याच दिवशी गाठलं. तो कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. मी सरळ विचारलं.

"ताट्या तुम्ही दिल्या?"

"दिल्या."

"यंत्राभोवती लावायला?"

"पोरीभोवती लावायला, म्याडम. मला काय माहीत तुमच्या यंत्राला कुठून श्वास लागतो? मी कॉमर्सवाला." तो जराही गडबडला नाही. "दमेकरी पोरगी, म्हटलं गारवा मिळेल. आता दयेवर पण बंदी आहे का?"

मी त्याचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. काहीच सापडलं नाही. त्याचं म्हणणं खरं असू शकत होतं. गच्चीवरच्या प्रत्येक वस्तूचा वास घेऊन, डाग तपासून मी इथवर आले होते, पण माणसाच्या मनात काय होतं ते दाखवणारा ठिपका कुठे दिसत नव्हता.

लटारीकाकांसाठी मात्र प्रश्न वेगळा होता. त्या संध्याकाळी व्हरांड्यात ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"म्याडम, तुमी लिवाल काय हे?"

"लिहावं लागेल. नाहीतर शाळेचा आकडा चांगला म्हणून वाचला जाईल. दुसरी भट्टी येईल. चिनूचं काय होईल ते तुम्हीच बघा."

"माझं नाव?"

शाळा चालवणारी संस्था कारखान्याच्या देणगीवर चालत होती. नोकरी गेली की खालची टिनाची खोलीही जाणार होती.

"नाव नका लिवू जी," ते हळूच म्हणाले. "बाकी काहीबी लिवा. या वयात कुठं जाऊ मी पोरीले घेऊन?"

प्रणिता दाराआडून ऐकत होती.

मी नाव लिहिलं नाही. अहवालात एवढंच लिहिलं की शाळेच्या केंद्रावर रात्री अडथळा होता, म्हणून तिथले आकडे ग्राह्य धरू नयेत. खानोरकर सरांनी ते वाक्य वाचून फोन केला.

"अडथळा कसला? कुणी लावला? साक्षीदार कोण?"

"नाव देता येणार नाही, सर."

"मग वाक्यही देता येणार नाही. उद्या त्यांचा वकील विचारेल, तेव्हा काय सांगशील, वास आला म्हणून?"

"सर, ताटीवरची धूळ मी स्वतः पाहिली आहे. एक ताटी मी प्रयोगशाळेत आणते, धुऊन वजन करते."

"कूलरची ताटी हे मोजण्याचं साधन आहे, असं कुठल्या पुस्तकात आहे ते मला दाखव."

असं कुठल्याच पुस्तकात नव्हतं. वाक्य गेलं. मोजणीच्या उरलेल्या दोन रात्री यंत्र उघड्यावर चाललं, ताट्या खाली व्हरांड्यात चिनूभोवती गेल्या. ते दोन कागद पंचायतीच्या कागदाहून काळे निघाले. पण महिन्याच्या सरासरीत दोन काळे कागद बुडून गेले, आणि पंचायतीचे काळे कागद चुलींच्या नावावर टाकले गेले.

---

सुनावणी शाळेच्याच पटांगणात झाली, मांडव घालून. व्यासपीठावर लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, प्रत्येक खुर्चीपुढे काचेच्या ग्लासात पाणी. मध्ये अधिकारी, एका कडेला खानोरकर सर, दुसऱ्या कडेला कारखान्याच्या वतीनं सोनटक्के. मी खाली दुसऱ्या रांगेत होते.

सोनटक्केनं आकडे वाचले. छान वाचले. "चिमणीच्या सर्वांत जवळचं केंद्र म्हणजे ही शाळा. आपली लेकरं जिथे शिकतात. तिथली रात्रीची हवा सगळ्यात स्वच्छ आहे, हे मी नाही, यंत्र सांगतंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "मंग माझं धोतर काय तुमच्या मशीननं काळं केलं?" हशा पिकला. अधिकाऱ्यांनी माईकवर बोट आपटलं. "कुणाला लेखी हरकत द्यायची असेल तर द्या. तोंडी बोलायचं असेल तर नाव, गाव सांगा."

काही लोक उठले, बोलले. खोकल्याबद्दल, कापसावरच्या काजळीबद्दल, दुधाबद्दल. अधिकाऱ्यांचं उत्तर ठरलेलं होतं: तुमच्या भावना नोंदवल्या, पण आकडे मर्यादेच्या आत आहेत.

मग मागच्या बाजूनं प्रणिता येताना दिसली. तिच्या कडेवर चिनू होती. आणि तिच्या पुढे लटारीकाका, डोक्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबरुंद घेऊन. लोकांनी वाट दिली. गावात कुणी मोठं ओझं घेऊन निघालं की देतात तशी.

ते व्यासपीठावर चढले. शाळेचे सेक्रेटरी पुढे झाले. "लटारी, काय आहे हे? खाली उतर."

"बोलतो जी दोन शब्द. साहेबानं म्हटलं नाव-गाव सांगा." त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. "माझं नाव लटारी निखाडे. मु. पो. खैरघाट. या शाळेचा चौकीदार. वर गच्चीवर जी मशीन हाय, तिच्याभोवताल रात्री मी ताट्या लावल्या. महिनाभर. माझ्या नातीसाठी लावल्या. या म्याडमचा त्यात काही कसूर नाही." त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, फक्त पाहिलं. "मशीननं जी हवा मोजली ते माझ्या नातीची होती. गावची हवा हे हाय."

त्यांनी ओझं टेबलावर ठेवलं आणि लुगडं सोडू लागले. गाठी घट्ट होत्या. अधिकारी पुढे वाकून बघत होते. खानोरकर सरांनी चष्मा वर केला. काय निघणार ते कुणालाच कळत नव्हतं. लोक मांडवाच्या बांबूंना धरून उंच होऊन बघत होते. लुगडं सुटलं. आत वाळ्याची एक ताटी होती. वाळलेली, तपकिरी बाजू वर आलेली, कुठल्याही घरच्या कूलरला असते तशी. एकदोघं हसले.

मी त्या वेळी ताटीकडे बघत नव्हते. महिनाभराची सवय लागली होती, मी माणसांकडे बघत होते. म्हणून मला दिसलं. लटारीकाकांनी ताटी दोन्ही हातांनी वर उचलली. ती अजून वरच होती. टेबलावर कशाचा कणही पडला नव्हता. अधिकारी कुतूहलानं बघत होते, सर बघत होते. आणि ताट्या गारव्यासाठी दिल्या म्हणणाऱ्या, टेबलाच्या टोकाला बसलेल्या सोनटक्केनं हात पुढे केला आणि आपल्या पाण्याच्या ग्लासावर तळहात ठेवला.

मग ताटी टेबलावर आपटली.